बोका आणि बावखल

त्या रविवारी दुपारी ह्यांनी कपाटातून निळा शर्ट काढला तेव्हाच माझं डोकं फिरलं. तो शर्ट सुजयनं पहिल्या पगारातून आणलेला. त्याच्या माघारी तीन वर्षं कुणी त्याची घडी मोडली नव्हती, आणि आज कशासाठी, तर म्हणे वाचनालयाची वार्षिक सभा आहे. वाचनालयात जायला नवरदेव कशाला व्हायला हवं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण गिळलं. कारण मी स्वतः काठापदराची साडी नेसून नवघरला उन्नतीकडे हळदीकुंकवाला निघाले होते, आणि उन्नतीचं हळदीकुंकू गेल्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

मी निघाले होते ब्लॉगवाल्यांच्या मेळाव्याला. हसा, खुशाल हसा. पन्नाशी उलटलेली बाई, सगळा जन्म केळीच्या बुंध्याशी गेला, हिला काय करायचाय ब्लॉग? मला ब्लॉगचं काडीचं पडलं नव्हतं. मला माझा मुलगा हवा होता, आणि तो तिथे येणार होता.

आमचं वसईतलं गिरीज वाड्यांचं, म्हणजे बागांचं गाव. जुन्या वाडीत एक बावखल असतंच. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्याच्यावर केळी, नारळी, भाजी सगळं जगतं. आमचं बावखल ह्यांच्या आजोबांनी खणलेलं. सुजय आमचा एकुलता एक. डिप्लोमा करून वसईतच एका कारखान्यात लागला आणि थोड्या दिवसांत म्हणायला लागला की बावखल बुजवू, त्या जागेवर मी माझं वर्कशॉप टाकतो. आजूबाजूचे बुजवत होतेच. आमचे हे, जगन्नाथराव, शाळेत क्लार्क. आयुष्यभर खाली मान घालून टाइप करत आलेले. पण बावखलाचं नाव काढलं की भडकायचे. महिनाभर घरात नुसती धुसफूस. शेवटी एका सकाळी सुजय म्हणाला, "एक तर बावखल राहील, नाहीतर मी." हे चहा पीत होते. कप खालीसुद्धा न ठेवता म्हणाले, "मग बावखल राहील."

गेला तो गेला. आधी पुण्याहून फोन आला, मग सुरतेहून. मी फोनवर रडायचे, ये रे बाबा म्हणायचे, तो म्हणायचा, बाबांना विचार. मग एक दिवस नंबरच बंद झाला. मित्रांना काही माहीत नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय. मी देव सोडला नाही की ज्योतिषी सोडला नाही. शेजारच्या सालोमीनं तिच्या देवळात मेणबत्त्या लावल्या. आणि हे मूग गिळून बसलेले. मुलाचं नाव तीन वर्षांत तोंडातून काढलं नाही. संध्याकाळ झाली की उठायचे आणि वाचनालयात जायचे. मला तर कधी कधी वाटायचं, ह्या माणसाच्या छातीत काळीज आहे की शहाळं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या जावेची रेवा घरी आली. शाळेत शिकवते, घरी कॉम्प्युटर आहे. म्हणाली, काकी, इंटरनेटवर कुणीतरी आपल्या गावाबद्दल मराठीत लिहितंय, नाव सांगत नाही, ब्लॉगचं नाव 'बावखल'. मी गेले तिच्याकडे आणि वाचायला बसले. लिहिलं होतं की आईनं मला दोन सुके नारळ कमरेला बांधून बावखलात ढकललं, आणि मी गटांगळ्या खात असताना ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. लिहिलं होतं की आई सुकेळी वाळत घालायची तेव्हा कावळ्यांना अशा शिव्या द्यायची की शेजारचे पोरांचे कान झाकायचे. सुकेळी म्हणजे आमची राजेळी केळी, सोलून उन्हात वाळवलेली. अहो, मीच ती. मीच सुजयला नारळ बांधून ढकललं होतं. कावळ्यांना आजही देते शिव्या. तो माझाच मुलगा होता आणि त्यानं ब्लॉगला नाव दिलं होतं बावखल. पस्तावलाय माझा सोन्या, असं म्हणून मी रेवाच्या की-बोर्डवर डोकं ठेवून रडले.

रेवा म्हणाली, सरळ लिही ना, मी आई आहे. मी म्हटलं, वेडी का खुळी? आई म्हटलं की पळाला तर? नंबर बंद केला तसा ब्लॉगही बंद करील. गळाला मासा लागला की दोरी हिसकायची नसते. म्हणून मी टोपणनाव घेतलं, बोका. आमचा कुत्रा होता बोका. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारा अख्ख्या वसईत एकच गाढव, तो म्हणजे सुजय. घरच्या माणसाशिवाय त्याचा अर्थ कुणाला लागणार नव्हता. रेवानं मराठी टाइप करायला शिकवलं, मग मी एकटीच पारनाक्यावर आग्नेलच्या सायबर कॅफेत जायला लागले. एका बोटानं टाइप करत लिहिलं, लेख आवडला, आमच्याही बावखलाला सात पायऱ्या होत्या, सातवी निसरडी. दोन दिवसांनी खाली उत्तर आलं. 'बोका, तू भेटलास. फार बरं वाटलं. सातवीवरून मीही घसरलोय.'

मग काय, चालूच झालं आमचं. तो लिहायचा, मी खाली लिहायचे, तो उत्तर द्यायचा. मी विचारायचे, जेवणाचं काय करतोस? तो लिहायचा, जेवण मिळतं वेळेवर, पण बोलायला कुणी नाही. तो विचारायचा, तू आता कुठे असतोस, बोका? मी लिहायचे, आहे इथेच जवळपास. त्याला वाटेल ते वाटो. महिन्यांमागून महिने मी त्या चार ओळींवर काढले. घरी येऊन भाकऱ्या थापताना ह्यांच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, तुम्ही बसा असेच दगडासारखे, मी आणते माझ्या पोराला.

आणि जानेवारीत त्यानं लिहिलं की वसई-विरारच्या ब्लॉगवाल्यांचा पहिला मेळावा रविवारी संध्याकाळी माणिकपूरला आहे, मी जाणार. खाली लिहिलं होतं, 'बोका, तू येशील का? तुला एक सांगायचंय, ते समोरच सांगता येईल.' मी लिहिलं, येईन.

निघताना सुकेळ्यांची बरणी काढली तर निम्मी रिकामी. मी रेवाच्या पोरांना मनात दोन शिव्या हासडल्या. उरलेली केळीच्या सुक्या पानात बांधली, वर बुंध्याच्या सोपटाच्या दोरीची गाठ मारली आणि बस धरली.

जागा म्हणजे एका क्लासचा वरचा मजला. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित, बाकांवर वीसेक माणसं, कोपऱ्यात वडापाव आणि चहाचा थर्मास. सिद्धेश नावाचा चष्मेवाला मुलगा सगळं बघत होता. त्यानं सांगितलं की काकी, इथे खरं नाव कुणी सांगत नाही, ब्लॉगवर जे नाव तेच कागदावर लिहून छातीला लावायचं, हाच आपला रिवाज. तो स्वतः 'भटक्या' होता. अश्लेषा नावाची पोरगी 'फोडणी' होती, आणि दोघांचीही खरी नावं मला कळली ती ते एकमेकांना हाका मारून ओरडत होते म्हणून. भुईगावचे एक म्हातारे फर्डिनंड रिवाज झुगारून खरं नावच लावून बसले होते. सिद्धेशनं पेन उघडून विचारलं, तुमचा ब्लॉग कुठला? मी म्हटलं, माझा ब्लॉग नाही, मी नुसती खाली लिहिते. बोका म्हणून.

त्याचा हात थांबला. म्हणाला, बावखलवाला बोका? आम्हाला वाटलं पंचविशीचा कुणी मुलगा असेल. मग जरा चाचरत म्हणाला, "काकी, तुम्ही तुमच्या मुलाच्या वतीनं आलात का?"

काळजावरून सुरी फिरावी तसं झालं. मी म्हटलं, हो, तसंच समज. कागद पदरावर टाचला आणि दाराकडे तोंड करून बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायचे. एक उंच मुलगा आला, पाठ अगदी सुजयसारखी. वळला तर दुसराच. मी देवाला म्हणत होते, तो बारीक झालेला असला तरी चालेल, लंगडा असला तरी चालेल, मला ओळख दाखवली नाही तरी चालेल, नुसता समोर आण. इतकी लाचार मी जन्मात झाले नव्हते.

आणि दारात उभे कोण, तर निळ्या शर्टातले आमचे हे.

मला वाटलं, ह्यांना कळलं. माझ्या पाठोपाठ आले. आता कुठल्याही क्षणी सुजय येईल, दारात बापाला बघेल आणि पहिल्या पायरीवरूनच मागे फिरेल. मी उठले, पिशवी छातीशी धरून दाराशी गेले आणि दात दाबून म्हटलं, "तुम्ही इथे कशाला आलात? आधी खाली उतरा."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. पण हलले नाहीत. म्हणाले, "सरला, तू जा. पाया पडतो, तू घरी जा. तू रडशील आणि सगळा घोटाळा होईल."

मी म्हणतेय तुम्ही जा, हे म्हणतायत तू जा. दोघांचेही डोळे जिन्याकडे. मी त्यांना कोपरानं ढकललं, ते दाराची चौकट धरून उभे. लोक बघायला लागले. तेवढ्यात सिद्धेश कागद-पेन घेऊन धावत आला, हसत हसत म्हणाला की काका, या या, तुमचं ब्लॉगवरचं नाव सांगा.

हे त्याच्याकडे न बघता, जिन्याकडे बघत म्हणाले, "बावखल."

मग त्यांची नजर माझ्या पदरावरच्या कागदावर आली. तिथेच खिळली. त्यांच्या हातात केळीच्या सुक्या पानाची पुडी होती. माझ्याच बरणीतली.

सिद्धेशला काय कळणार बिचाऱ्याला. तो आनंदानं ओरडला की अरे, बावखल आणि बोका दोघंही आले, आणि एकमेकांना ओळखून भांडायलाही लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या हॉलमधल्या प्रत्येकानं आमच्या गप्पा वाचल्या होत्या. कुणी म्हणालं, ह्या दोघांची मैत्री बघून आम्ही लिहायला लागलो. फोडणीनं कॅमेरा काढला, आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं, काका जरा हसा म्हणाली. हे हसले. खरंच हसले हो, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर हसायचे तसे. फर्डिनंडनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं, आणि काही न विचारता माझ्या बाजूला उभे राहिले. मी पाणी प्यायले नाही. मला त्या वेळी मरावंसं वाटत होतं. माझा मुलगा नव्हता. इतके महिने माझा मुलगा कुठेच नव्हता. भाकरी वाढून समोर बसणाऱ्या माणसाशी मी पारनाक्यावरून बोलत होते.

आम्ही कसेबसे खाली उतरलो. रस्त्यावर ट्यूबलाइट लागल्या होत्या, बाजार भरला होता. एका बंद दुकानाच्या फळीवर बसलो. मग मला राग आला, आणि राग आला ते बरंच झालं, नाहीतर छाती फुटली असती. मी म्हटलं, मला फसवलंत तुम्ही. नारळ बांधून ढकलणारी, कावळ्यांना शिव्या देणारी आई मीच ना?

हे म्हणाले, "माझी आई, अगं. मी माझ्या आईबद्दल लिहीत होतो."

बरोबर होतं. सासूबाईंनीच मला सुकेळी शिकवली. पोराला पोहायला असंच शिकवायचं, हेही त्यांनीच सांगितलेलं. शिव्याही त्यांच्याच. त्यांच्या हाताखाली राहून राहून मी त्यांच्यासारखी झाले, आणि त्यांचं वर्णन वाचून स्वतःसाठी रडले. कर्म माझं.

मग ह्यांनी हळूहळू सांगितलं. वाचनालय वगैरे काही नव्हतंच. रोज बसनं स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत यायचे, कारण तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. टाइपिंग येतच होतं. वाटलं, सुजय कुठेही असला तरी इंटरनेट बघत असेल, बावखल हे नाव दिसलं तर वाचेल. आणि एके दिवशी खाली बोका आला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मला आठवलं, त्या रात्री ते अंगणात फेऱ्या मारत होते आणि मी ओरडले होते की डास चावतील, आत या.

मी विचारलं, काय सांगायचं होतं त्याला समोर? ते म्हणाले, बुजवतोय म्हणून सांगायचं होतं. उद्या सकाळी मातीचा ट्रक येणार आहे. मी थक्क झाले. आजोबांचं बावखल, ज्याच्यापायी पोटचा मुलगा घालवला, ते हा माणूस बुजवायला निघाला होता. ते म्हणाले, "उशीरच केला मी. गणपतीत त्यानं विचारलं तेव्हाच करायला हवं होतं."

"कुणी विचारलं?"

"तूच की. म्हणजे बोक्यानं. नाव न घालता लिहिलं होतंस ना, 'बावखल अजून आहे का?'"

मला ती ओळ आठवत होती. गणपतीच्या दिवसांत खाली कुणी निनावी लिहिलेली, एवढीच. मी समजले होते, असेल कुणी परका. हल्ली लोक विचारतातच, बावखलं चाललीत म्हणून. मी म्हटलं, "ते मी लिहिलं नव्हतं."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भीती वाटली. मी विचारलं, तुम्ही उत्तर काय दिलंत? तर म्हणाले, काहीच नाही. आहे असं लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, अजून बावखलच राखून बसलेत. नाही असं लिहिलं असतं तर ते खोटं. म्हणून गप्प बसलो, आधी बुजवतो आणि मग सांगतो म्हटलं. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत ती ओळ तशीच पडून होती. कुणी सांगावं, खरंच एखादा परका असेल. पण माझ्या पोरानं दार वाजवलं असेल आणि आतून कुणी ओ दिली नसेल तर? मी त्या फळीवरच कपाळ बडवून घेतलं. मग उठले, ह्यांचा दंड धरला आणि म्हटलं, चला.

त्यांचं ते सायबर कॅफे दोन गल्ल्या पलीकडे. दुकानदार काका काका करत होता, मला बघून चमकला. एका मशीनपुढे दोन खुर्च्या ओढल्या. ह्यांनी गणपतीतला लेख काढला. खाली ती ओळ होती, नाव नाही, गाव नाही. ह्यांची बोटं की-बोर्डवर आली आणि थांबली. आयुष्यभर धडाधड टाइप केलेला माणूस.

"काय लिहू?" म्हणाले.

मी म्हटलं, "लिहा, आहे."

"आणि तो रागावला तर?"

"तर लिहा की तू ये आणि तूच सांग. तू म्हणशील तर बुजवू, तुझ्या डोळ्यांदेखत. पण तुझ्या माघारी नाही बुजवणार."

त्यांनी तसंच लिहिलं, एक शब्द इकडे तिकडे केला नाही. शेवटी सवयीनं खाली 'बावखल' टाइप केलं. मी म्हटलं, पुसा ते, झाले तेवढे चाळे पुरे. त्यांनी पुसलं. बाबा असं लिहिलं. जरा थांबून त्याच्यापुढे आई लिहिलं आणि पाठवलं.

मग दुकानदाराच्या फोनवरून ट्रकवाल्याला कळवलं की उद्या माती नको. तो काहीतरी तणतणला, ह्यांनी ऐकून घेतलं. परत येऊन बसले. मी सुकेळ्यांची एक पुडी सोडली, दुकानदाराला दोन दिली, आम्ही मात्र एकही खाल्लं नाही. दुसरी तशीच बांधलेली ठेवली. मी दर मिनिटाला म्हणत होते, बघा ना पुन्हा, आणि हे पुन्हा पुन्हा तेच पान उघडत होते. खाली आमचीच ओळ.

बाकीची पोरं उठून गेली. दुकानदारानं एकेक पंखा बंद केला आणि आमच्याजवळ येऊन विचारलं की काका, काही काम राहिलंय का, बंद करायची वेळ झाली.

ह्यांनी पुन्हा तेच पान उघडलं. मी म्हटलं, "उत्तर यायचंय. थोडा वेळ बसू दे."

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आमचं मशीन चालू ठेवलं.